गोधडी कोणी शिवली तेही लिहा

मराठीत गोधडीबद्दल काहीही वाचायला घ्या, आजी येते, ऊब येते, जुन्या लुगड्याचा वास येतो. ते सगळं खरंच आहे, माझ्याही घरात होतं, पण गोधडीची ओळख तेवढ्यावरच थांबली तर फार मोठा भाग बघायचा राहून जातो, म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा. मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं, किंवा लिहिलं असतं तरी कोणी छापलं नसतं, किंवा तोंड उघडलं असतं तर पोलीस दारात आले असते, अशा बायकांनी जगात ठिकठिकाणी सुईदोऱ्याने आपलं म्हणणं मांडून ठेवलंय. आणि तेच कापड पुढे कौतुकाने कोणाच्या तरी भिंतीवर लागतं तेव्हा सगळ्यात आधी गळतं ते शिवणारीचं नाव. हे मला फार लागतं. गोव्यात राहणाऱ्या माणसाला तर ते जास्तच लागायला पाहिजे, कारण यातली एक गोष्ट थेट जुन्या गोव्यातून सुरू होते.

सिद्दी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतले लोक, म्हटलं की मराठी माणसाला पहिला जंजिरा आठवतो. मुरुडचा किल्ला, मराठ्यांना कधीच न मिळालेला. ते सिद्दी राज्यकर्ते झाले, त्यांची नोंद इतिहासात आहे. पण दुसरे सिद्दी आपल्या अगदी शेजारी आहेत आणि त्यांच्याबद्दल आपण शाळेत काही म्हणजे काही शिकलो नाही. मोले सोडून अनमोड घाट चढून गेलं की कर्नाटकातला जोयडा तालुका लागतो, तिथून पुढे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, या पट्ट्यातल्या जंगलात त्यांच्या वाड्या आहेत. कोणी ख्रिश्चन, कोणी मुसलमान, कोणी हिंदू. घरात बोलतात ती भाषा कोंकणीच्या अंगाने जाणारी, त्यात मराठी आणि कानडी मिसळलेली, त्यामुळे आपल्याला बोलायला दुभाषा लागत नाही. यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले होते. जे पळू शकले ते घाट चढून जंगलात शिरले आणि तिथेच राहिले. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली, म्हणजे अगदी परवा.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे ना, आपण पाहुणे आले की त्यांना फोटो काढायला घेऊन जातो ती. त्या कमानीतून वर जाणारा रस्ता म्हणजे त्या काळची रुआ दिरेता, शहराची मुख्य बाजारपेठ. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता, आर्चबिशपच्या पदरी कामाला, त्याने त्या रस्त्यावरच्या रोजच्या सकाळच्या लिलावाचं वर्णन करून ठेवलंय. अरबी घोडे, मसाले, उंची पांघरुणं, आणि माणसं. बायका, पुरुष, म्हातारे, पोरं, आमच्याकडे जनावरं विकतात तशी इथे माणसं विकतात असं तो लिहितो. वीसेक वर्षांनी, १६०८ ते १६१० या काळात पिरार द लावाल हा फ्रेंच माणूस गोव्यात होता, तो त्याच बाजारात विकायला उभ्या केलेल्या बायकांबद्दल सांगतो की यातल्या बहुतेकींना वाद्यं वाजवता येतात, भरतकाम येतं, अगदी बारीक शिवण येते, मुरंबे आणि गोड पदार्थ करता येतात.

बारीक शिवण येते. म्हणजे बाईच्या हातातली सुई हा तिच्या किमतीचा भाग होता. हे वाचल्यापासून मी त्या कमानीखालून पूर्वीसारखी जाऊ शकत नाही, खरंच सांगते. त्या बाजारात पांघरुणाला भाव होता, शिवणारीलाही भाव होता, आणि दोन्हींचा भाव ठरवणारा तिसराच होता.

आता सिद्दी बायका जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. यल्लापूरच्या बाजूला एका घरी बसून मी ती होताना पाहिली आणि थोडी शिकलेही. ज्या बाईंनी शिकवलं त्यांचं नाव मी इथे देत नाहीये कारण इथे द्यायची परवानगी त्यांनी मला दिलेली नाही, त्या मुद्द्यावर पुढे येतेच. आपली नेहमीची गोधडी आपण कशी करतो, वरचा तुकड्यांचा पट आधी जोडून घेतो, खाली अस्तर, मध्ये जुनी लुगडी, मग सगळं पसरून धावदोरा. कवंदीत तसं नाही. खाली एक जुनी साडी अंथरतात आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात. पहिला तुकडा ठेवायचा, त्याची कडा बोटाने आत दुमडायची, अंगठ्याने दाबून मोड बसवायचा आणि लगेच खालच्या साडीसकट टाके घालायला लागायचं. टाचणी नाही, खडूची रेघ नाही, इस्त्री तर नाहीच. पुढचा तुकडा आधीच्या तुकड्यावर थोडा चढवून. असं काठाकाठाने फिरत फिरत आत जायचं, आणि सगळ्यात शेवटी मध्यभाग भरतो. त्यामुळे डिझाइन आधी ठरलेलं नसतं, हाताशी कुठला तुकडा आहे, कोणाचा परकर आला, कोणाचा शर्ट आला, त्याप्रमाणे ते उमलत जातं. मध्ये मध्ये भडक रंगाचे बारीक चौकोन बसवतात, त्यांना टिकेली म्हणतात. ख्रिश्चन घरातल्या कवंदीत कधी कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातलीत चंद्रकोर.

आणि चारी कोपऱ्यांना कापड दुमडून दुमडून केलेली जाड त्रिकोणी घडी असते, ती म्हणजे फुलं. मी सहज विचारलं की ही नाही लावली तर काय होईल, विकायच्या कवंदीला लागतात का इतक्या घड्या, वेळ किती जातो त्यात. त्या बाईंनी सुई थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी उघड्या अंगाने बाहेर जायला सांगितलं होतं. म्हणाल्या, "बाय, ती नागडी दिसतली." बस. एवढंच बोलून परत टाके घालायला लागल्या. चारशे वर्षांपूर्वी ज्यांना अंगावरच्या कपड्यासकट विकलं त्यांच्या पणत्या-खापरपणत्या आज आपलं पांघरूणसुद्धा नागडं ठेवत नाहीत, हे मी तिथे बसून समजून घेत होते आणि मला पुढे काही विचारवेना.

आता पणजीला या. एका दुकानात, नाव नाही घेत, मी कवंदी टांगलेली पाहिली. सुंदर होती, कोपऱ्यांना फुलं नीट होती, टाके इतके सारखे की बघत राहावं. किंमत अशी की माझा अर्धा पगार जाईल. टॅगवर इंग्रजीत छापलेलं होतं, ट्रायबल क्विल्ट, हँडमेड, खाली दुकानाचा लोगो. शिवणारीचं नाव नाही, गाव नाही, सिद्दी हा शब्दसुद्धा नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला मॅडम कर्नाटक साइडने येतं. त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नसेल. पण मी तिथे उभी राहून हाच विचार करत होते की पुन्हा गोव्यातच, पुन्हा पांघरूण विकायला, पुन्हा बाईच्या हाताचं कौशल्य हीच विक्रीची बाब, आणि पुन्हा ती बाई निनावी. हस्तकलेची आवड असणाऱ्यांना माझी ही तुलना फार टोकाची वाटेल, वाटू दे. आज कोणी कोणाला साखळी घालत नाही हे मला कळतं. पण किमतीतला किती वाटा तिच्या हातात गेला हे विचारायचं नाही आणि वर सोशल जस्टिसच्या पोस्ट टाकायच्या, हे मला पटत नाही.

नावाचा मुद्दा अमेरिकेतल्या एका गावाने मला नीट समजावला. अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक गाव आहे, तीन बाजूंनी नदी, राहणारे बहुतेक सगळे कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज. तिथल्या बायका नवऱ्यांच्या फाटलेल्या डेनिमच्या पॅन्ट, कॉरडरॉय, पिठाच्या पिशव्या असल्या कापडांतून क्विल्ट, म्हणजे तिथली गोधडी, करायच्या, लाकडी घरात वारा शिरायचा म्हणून. १९६० च्या दशकात काळे लोक मतदानासाठी नाव नोंदवायला लागले तसं नदीवरची फेरीबोट १९६२ मध्ये बंद झाली. म्हणजे विचार करा, समोरच्या काठावर तालुक्याचं ऑफिस, तिथे जायला आता रस्त्याने तासाभराच्या वर फिरून जायचं. आपल्याकडे दिवाडीची फेरी असं म्हणून बंद केली असती की तुम्ही मत देऊ नका, तर काय झालं असतं? ती फेरी परत सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. १९६६ मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली, त्यातल्या कित्येकींना मतदानाची नोंदणी केली म्हणून घरातून, जमिनीवरून काढलं होतं. क्विल्ट विकून आलेल्या पैशांवर त्या उभ्या राहिल्या.

पुढे २००२ मध्ये ते क्विल्ट ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागले, मग न्यूयॉर्कला, सगळीकडे वाहवा, पोस्टाची तिकिटंसुद्धा निघाली. तिथे नावं होती, प्रत्येक क्विल्टखाली बाईचं नाव होतं. पण २००७ मध्ये त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या, आमच्या डिझाइनचे गालिचे आणि वस्तू निघतायत त्याचा हिशेब आम्हाला मिळालेला नाही असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही, पण एवढं दिसतं की नुसतं नाव लिहून भागत नाही, नावासोबत हिशेब पण लागतो. आता २०२१ पासून तिथल्या बायका स्वतः ऑनलाइन विकतात, किंमत त्या ठरवतात. मला हे त्या म्युझियमपेक्षा मोठं वाटतं.

आणि मग चिली. तिथे गोष्ट उलटी आहे. १९७३ मध्ये पिनोशेने लष्करी उठाव करून सत्ता घेतली, हजारो माणसं पकडून नेली, कित्येकांचा पत्ताच लागला नाही. ज्यांचे नवरे, मुलगे नाहीसे झाले त्या बायका चर्चच्या आधाराने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवायला लागल्या, आर्पियेरा म्हणतात त्याला. बघायला अगदी लहान मुलांच्या चित्रासारखं, मागे डोंगर, वर सूर्य, छोटी छोटी घरं. नीट बघितलं की कळतं, दारात पोलिसांची गाडी आहे, रांग लागलीय ती सूपच्या भांड्यापुढे, आणि बायकांच्या हातात फोटो आहे खाली लिहिलेलं, कुठे आहेत ते. काहींच्या मागे छोटा खिसा शिवलेला असायचा आणि त्यात चिठ्ठी. ही कापडं देशाबाहेर लपवून गेली आणि चिलीत काय चाललंय ते जगाला कळायला त्यांची मदत झाली. त्यांच्यावर शिवणारीचं नाव नसायचं, असतं तर ती पण नाहीशी झाली असती. म्हणून मी म्हणते, नाव द्यायचं की झाकायचं हे शिवणारीने ठरवायचं. तिने झाकलं तर तो तिचा हक्क, दुकानदाराने झाकलं तर ती चोरी. यल्लापूरच्या बाईंचं नाव मी का दिलं नाही ते आता कळलं असेल.

नावांवरून आठवलं, एक क्विल्ट तर निव्वळ नावांचाच आहे. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने लोकांना सांगितलं की एड्सने गेलेल्या आपल्या माणसांची नावं पुठ्ठ्यावर लिहा, आणि ती नावं सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली. लांबून ती भिंत तुकड्यांच्या रजईसारखी दिसली, तिथून कल्पना आली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये तो क्विल्ट पहिल्यांदा अंथरला तेव्हा त्यात १९२० पट होते. प्रत्येक पट तीन फूट बाय सहा फूट, माणसाला पुरायला लागते साधारण तेवढी जागा. आज ५० हजारांच्या आसपास पट आहेत. कोणाची जीन्स, कोणाचा टेडी, कोणाचे लग्नाचे कपडे. काही पटांवर फक्त पहिलं नाव आहे कारण घरच्यांना आडनाव जगासमोर यायला नको होतं.

याचा गोव्याशी काय संबंध असं वाटेल, पण आहे. त्या प्रदर्शनानंतर दीड वर्षही झालं नव्हतं, फेब्रुवारी १९८९ मध्ये, म्हापशात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेलं आणि जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये एकट्याला कोंडून ठेवलं, ६४ दिवस. गुन्हा काय तर त्याने रक्तदान केलं होतं आणि रक्तात एचआयव्ही सापडला, आणि आपल्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद होती. त्याची आई लूसी डिसोझा हायकोर्टात गेली. बाहेर आल्यावर तो गप्प बसला नाही, आपलं नाव, चेहरा लपवला नाही, १९९२ मध्ये पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी करण्यात तो होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. त्याच्यावर सिनेमा निघाला वगैरे लोकांना माहीत असतं, पण म्हापशात कोणाला विचारलं की तो सॅनेटोरियम कुठे होता तर अर्ध्या लोकांना सांगता येत नाही. माझ्या मनात फार दिवसांपासून आहे की त्याच्यासाठी एक तीन बाय सहाचा पट म्हापशातच, म्हापशाच्या बाजारातलं कापड घेऊन शिवावा. त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मी सुई लावणार नाही. पण हे व्हायला पाहिजे.

कापडावरून माणसाची जागा ठरवणं हे आपल्याकडे काही नवीन नाही. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढला की बाटलेल्या गोंयकारांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही, म्हणजे देवाबरोबर कपडे पण बदला. आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की लुगडं गुडघ्याशी नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा, कथिलाचे जड दागिने काढून टाका, ज्या नेसण्यावरून तुम्हाला ओळखतात ते नेसणंच सोडा. त्या बायकांनी त्याच रात्री लुगडं बदलून नेसलं असं म्हणतात. रात्र संपायच्या आत कृती, तीही स्वतःच्या अंगावर. मला हा भारतातला सगळ्यात मोठा टेक्स्टाइल प्रोटेस्ट वाटतो.

आपल्या कुणबी साडीचंही थोडं तसंच आहे. लाल चौकडीची, गुडघ्यापर्यंत नेसलेली, खांद्यावर गाठ मारलेली, भाताच्या मळ्यात वाकून काम करता यावं म्हणून. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घ्यायला लावली आणि रॅम्पवर नेली, ते होते म्हणून आज ती टिकली हे मान्यच करायला पाहिजे. पण आज ती साडी सरकारी कार्यक्रमात, एअरपोर्टवर, सगळीकडे दिसते आणि केपे-सांगेच्या मळ्यात लावणीला उतरलेल्या बाईच्या अंगावर सिंथेटिक गाऊन असतो, कारण हातमागाची चौकडी तिला परवडत नाही. हे बदलायचं कसं याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ज्यांची साडी त्यांनाच ती घेता येत नाही हे मला बोचतं.

आता आमच्या गोधडीबद्दल. मी डिचोली तालुक्यातली, लहानपणापासून लोहखनिजाच्या खाणीचे ट्रक बघत मोठी झाले. सीझनमध्ये रस्त्याच्या कडेची झाडं, घरं, कुत्री, सगळं तांबडं. आम्ही काही बायका रविवारी दुपारी एकीच्या सोप्यावर शिवायला बसतो, आणि गेल्या वर्षी ठरलं की खाणीच्या रस्त्यावरच्या घरांतली कापडं गोळा करून एक गोधडी करायची. पहिलं जे कापड आलं ते होतं एका म्हातारीचं पांढरं पातळ. पांढरं म्हणायचं फक्त. वर्षानुवर्षं रस्त्याकडेला वाळत घातल्यामुळे त्याला एक फिकट विटकरी रंग चढलेला, शिवणीच्या आत उलगडून बघितलं तर मूळ पांढरा रंग तसाच. आम्ही तो दुमडलेला भाग मुद्दाम उघडला आणि तुकडा असा बसवला की दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतील, त्याच्या कडेने पांढऱ्या दोऱ्याचा साधा धावदोरा. वर काही लिहिलं नाही. प्रदूषणाचे रिपोर्ट मी वाचलेत, पण त्या चार बोटांच्या तुकड्यासमोर माणूस जसा गप्प होतो तसा रिपोर्टसमोर होत नाही.

सोनशीचं आठवत असेल. एप्रिल २०१७ मध्ये सत्तरीतल्या त्या छोट्या गावाने धुळीला कंटाळून ट्रक अडवले आणि ४५ जणांना अटक झाली, त्यात बायका होत्या. तिकडून पण आम्हाला एक परकर आला. तो तुकडा मध्यभागी आहे.

पण सगळं असं एका सुरात झालं नाही आणि ते मी लपवणार नाही. आमच्यातल्या एकीच्या घरी ट्रक होता. ती म्हणाली, धुळीची गोधडी करताय तर आमचं पण त्यात घाला, २०१२ मध्ये कोर्टाने खाणी बंद केल्या, मग २०१८ मध्ये परत, ट्रक दारात गंजला, बँकेचे हप्ते थांबले नाहीत, माझा घोव (नवरा) दोन वर्षं नीट झोपला नाही, ते कोण शिवणार? तिने त्याचा खाकी शर्ट आणला होता, खिशापाशी ग्रीसचा डाग. यावरून त्या दिवशी खूप बोलाचाली झाली. एक काकी म्हणाल्या ज्यांच्या ट्रकाने माझ्या नातवाला दमा लागला त्यांचा शर्ट माझ्या पातळाशेजारी नको. त्या उठून गेल्या आणि नंतर काही आठवडे आल्या नाहीत. मला दोघींचं म्हणणं कळत होतं आणि शेवटी मी म्हटलं की शर्ट लागेल, कारण तो माणूस खाणमालक नव्हता, धूळ त्याच्याही छातीत गेलीय. काकी नंतर परत आल्या, त्यांनी शर्टाकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, आपला तुकडा मात्र दोन ओळी खाली सरकवून घेतला. तो तसाच आहे. गोधडीत ते अंतर दिसतं आणि दिसायलाच पाहिजे.

मागच्या बाजूला प्रत्येकीने आपलं नाव स्वतःच्या हाताने शिवलंय, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना पेन्सिलने काढून दिलं आणि त्यांनी त्यावरून टाके घातले. एकीच्या मुलाचं खाणीच्या कंपनीत नोकरीचं चाललंय, तिने नाव नको म्हटलं, तिथे हिरव्या दोऱ्याने तुळस काढली. आम्ही कोणी आग्रह केला नाही.

विकायची नाही असं ठरलंय. पणजीला नेऊ असं दोघीतिघी म्हणतात, तिथे लोक बघतील, पेपरात येईल, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. पण आधी ती गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये लागावी, ज्या रस्त्याची ती आहे त्या रस्त्यावरच्या पोरांनी हात लावून बघावी असं माझं म्हणणं आहे. गोधडीला हात लावू नये असा बोर्ड मला नको. पणजीला गेली तर सगळी नावं तिच्याबरोबर जाणार, पाटीवर, बायकांनी ठरवलेल्या क्रमाने, आणि जी तुळस आहे तिथे तुळसच.

तुम्ही कवंदी किंवा कुठलीही हाताची गोधडी विकत घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा, कोणी शिवली, कुठल्या गावात, तिला यातले किती मिळाले. उत्तर नाही मिळालं तरी विचारा, दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार पुढच्या वेळी माहिती ठेवतो, दुकानदारी मी जवळून बघितलीय. आणि शक्य असेल तर सरळ हल्याळ-यल्लापूरकडे जा, भाव करू नका.

आमची दुसरी गोधडी चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सुरू होईल. पाळी, वेळगे, सुर्ला, पिसुर्ले, सोनशी, या बाजूची जुनी कापडं कोणाकडे असतील तर द्या, कोणाची होती ते सांगून द्या. धुवून द्या, पण ब्लीच घालू नका.